जिवंत भावाचं सुतक

सुरुवातीलाच सांगून टाकते. या लिखाणातल्या बारा दिवसांबद्दल मला स्वतःला जवळजवळ काहीच माहीत नाही. ते दिवस मी काढले, पण मी तिथे नव्हते. त्या दिवसांत मी माझ्या जिवंत, धडधाकट भावाचं सुतक पाळलं. आजार मेंदूचा होता, हे नंतर कळलं. पण सुतक मी पाळलं हे खरं, आणि आजारातून बरी झाल्यावर निस्तरायचं राहिलं ते हेच.

जे लिहितेय ते तिघांकडून गोळा केलेलं आहे. आमची फुलवाली मंदा, शेजारच्या सावंतवहिनी आणि माझा धाकटा भाऊ वसंत. तिघांच्या सांगण्यात थोडा थोडा फरक आहे आणि तिघांनाही आपलंच खरं वाटतं. मी बत्तीस वर्षं एका शाळेच्या कार्यालयात हजेरीपट सांभाळले, शिक्षक नसले की वर्गात जाऊन हजेरीही घेतली. तीन मुलांच्या तीन गोष्टींतून खरं काय झालं ते काढायची मला सवय आहे.

मी त्रेसष्ट वर्षांची. लग्न केलं नाही. घाटकोपर पूर्वेला म्हाडाच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. दया यावी म्हणून हे सांगत नाही. माझ्यासारख्या बायका आमच्याकडे दर इमारतीत एक-दोन तरी सापडतील. इस्पितळात अशीच एक भेटली होती, मुलुंडची. घरी जाताना म्हणाली, "तुम्हाला लिहिता येतं ना? मग लिहा की. आपलं कोण लिहिणार?" तिचं ऐकून बसलेय.

फळीचा कोपरा

माझे देव स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या लाकडी फळीवर आहेत. एका सकाळी समईत घालताना तेल जमिनीवर सांडलं. ते पुसायला फळीखाली वाकले आणि उठताना फळीचा कोपरा डोक्याला डाव्या बाजूला असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. थोडा वेळ तिथेच बसून राहिले. हात फिरवून पाहिला, रक्त नव्हतं. टेंगूळ मात्र आलं. मग उठून चहा ठेवला.

एवढंच झालं. घरात दुसरं माणूस असतं तर आवाज ऐकून त्याने "काय गं, काय पडलं?" विचारलं असतं. मी "काही नाही, फळी लागली" म्हटलं असतं. संध्याकाळी "दुखतंय का अजून?" झालं असतं, आणि तेवढ्या बोलण्याने ती गोष्ट कोणाच्या तरी लक्षात राहिली असती. एकट्या माणसाला आपलं दुखलं-खुपलं कोणाला सांगायचं नसतं, म्हणून ते त्याला स्वतःलाही फार दिवस आठवत नाही. आठवड्याभरात टेंगूळ बसलं आणि मी विसरले. हृदयासाठी मी रक्त पातळ ठेवणारी एक गोळी रोज घेते. तिचा आणि त्या फळीचा काही संबंध लागेल हे तर माझ्या डोक्यातही आलं नाही.

कवटीच्या आत, मेंदूच्या वरच्या अंगाला एक बारीक शीर फुटली होती. तिथून थेंब थेंब रक्त तीन-चार आठवडे साठत होतं. त्या काळात मी भाजी आणत होते, वाचनालयात पुस्तकं बदलत होते, आणि डोकं दुखतंय म्हणून बाम चोळून झोपत होते.

मंदाने केलेला हिशेब

मंदा आमच्या इमारतीत रोज सकाळी फुलं देते. प्रत्येक दाराच्या कडीला एक पुडी अडकवते. आत चार झेंडू, मिळाली तर एखादी जास्वंद, थोड्या दूर्वा, तुळस. ती बेल वाजवत नाही की हाक मारत नाही. पुडी अडकवली की पुढचं दार. नऊ-दहा वर्षं येतेय, पण आमचं बोलणं म्हणजे सणाला हार किती हवेत आणि आज दूर्वा का कमी आहेत, इतपतच.

त्या दिवशी मी दारातच उभी होते म्हणे. मंदाच्याच शब्दांत सांगते.

"ताई, मी पुडी लावायला गेले तर तुम्ही माझा हातच धरला. बोललात, 'मंदा, फुलं नको, सुतक आहे.' मी बोलले, 'अगं बाई, कोण गेलं?' तर बोललात, 'भाऊ. वसंत.' मी विचारलं, 'गावाला जाणार काय?' तर नुसत्या बघत राहिलात माझ्याकडे. मग मीच विचार केला, यांचं लग्न झालेलं नाही, म्हणजे यांना पूर्ण दहा दिवस. तुम्हाला बोलले पण, 'ताई, अकराव्या दिवशी आणते हां.'"

लग्न झालेल्या बहिणीचं सुतक तीन दिवसांत फिटतं. माझं दहा दिवसांचं. मंदाने हिशेब अगदी बरोबर केला होता. सुतकात देवपूजा नाही म्हणून फुलं नाहीत, आणि फुलं नाहीत म्हणून मंदा नाही. रोज माझ्या दाराशी येणारं एकुलतं एक माणूस मी अशा रीतीने स्वतःच बंद करून टाकलं.

मंदाने जाता जाता सावंतवहिनींना सांगितलं. वहिनी भिंतीला भिंत लागून राहतात. मुंबईत चाळीस वर्षं काढली, पण बोलणं अजून मालवणचंच. त्या लगेच पिठलं-भाकरी घेऊन आल्या. "तुझा बोलणा माका धड कळत नव्हता," त्यांनी नंतर मला सांगितलं. "पण मी म्हटलंय, भाव गेलोहा, अशा टायमाक कोण धड बोलतला?"

त्यांना दोष देत नाही. जे जे आजाराचं लक्षण होतं ते ते सुतकाच्या घरात शोभून दिसत होतं. मी दिवसभर पलंगावर पडून असायचे, केस विंचरलेले नसायचे, देवापुढे दिवा नव्हता. उजव्या हातातून भाकरीचा तुकडा दोनदा गळून पडला, तर वहिनींना वाटलं, धक्का बसलाय बिचारीला. डोळ्यांत पाणी होतं म्हणतात. कोणासाठी होतं, देव जाणे.

वहिनींनी तीन दिवस डबा दिला आणि मग त्या मुलीकडे बोरिवलीला गेल्या. "काय लागला तर फोन कर" असं सांगून गेल्या. त्यानंतरचे आठ दिवस कोणाच्याच साक्षीत नाहीत. घरात नंतर बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले आणि ओट्यावर धुऊन ठेवलेले, न शिजवलेले तांदूळ सापडले. बरी झाल्यावर मी माझा फोन उघडून ते दिवस पाहिले. बँकेचे आणि मोबाइल कंपनीचे मेसेज आले होते. माणसाचा एकही फोन आला नव्हता.

"शेवटचं ठीक कधी पाहिलंत?"

अकराव्या दिवशी सकाळी मंदाने कबूल केल्याप्रमाणे पुडी अडकवली. बाराव्या दिवशी दुसरी घेऊन आली तर पहिली तशीच कडीला, झेंडू मलूल झालेले. "सुतक फिटल्यावर पहिलं फूल कोणी बाहेर ठेवत नाही, ताई. तिथंच मला शंका आली," ती म्हणते. तिने पहिल्यांदाच माझी बेल वाजवली. दार उघडेना तेव्हा तिने वहिनींना बोलावलं. त्या आदल्या रात्री उशिराच परतल्या होत्या. माझ्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते.

मी पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फटीत, जमिनीवर बसले होते. जागी होते. कपडे ओले होते. आणि मी हजेरी घेत होते. एक आंब्रे, दोन बने, तीन चव्हाण. वहिनींनी खांद्याला धरून हलवलं तर त्यांना म्हणाले, "उशीर का झाला? बाहेर उभी राहा."

दोघींनी मला खाली उतरवलं, रिक्षात घातलं आणि इस्पितळात नेलं. अपघात विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी बोट टोचून साखर पाहिली. ठीक होती. रक्तदाब पाहिला, ताप पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली. मग त्यांनी वहिनींना विचारलं, "यांना शेवटचं ठीक कधी पाहिलंत? म्हणजे नेहमीसारखं बोलताना-चालताना?"

वहिनी जमेल तशा शहरी बोलीत म्हणाल्या, "भाऊ गेला ना त्यांचा, तेव्हापासून असंच."

"त्याच्या आधी?"

वहिनींना सांगता येईना. भिंतीला भिंत, पण माझ्याशी शेवटचं नीट बोलणं कधी झालं ते त्यांना आठवत नव्हतं. ही गोष्ट मला सांगताना वहिनी रडल्या. मी म्हटलं, "वहिनी, मला तरी तुमचं कुठे आठवतंय?" तेही खरंच होतं.

उत्तर दिलं ते मंदाने. "डॉक्टर, एकादशीला ठीक होत्या. पुडीत तुळस कमी आहे म्हणून जिन्यापर्यंत येऊन ओरडल्या माझ्यावर. बरोबर ओरडल्या, तुळस कमीच होती. त्यानंतर चार दिवसांनी सुतकाचं बोलल्या, तेव्हा आवाज असा जड होता, दारू प्यायल्यासारखा. मला वाटलं, रडून झालं असेल."

एखादं माणूस आज सकाळी अचानक असं झालं, की पंधरा-सोळा दिवस हळूहळू होत गेलं, यावर डॉक्टरांचा पुढचा विचार ठरतो. माझं नीट असणं ज्या एका गोष्टीने सिद्ध झालं ती म्हणजे तुळशीवरून केलेली माझी कटकट. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. "डोक्याला कधी मार लागला होता का?" यावर दोघींनीही मान हलवली. ते फक्त मला माहीत होतं आणि मी हजेरी घेत होते. "मग डोक्याचा सीटी स्कॅन करायला हवा, आत्ताच," त्या म्हणाल्या. "आणि रक्ताच्या नात्यातलं कोणी असेल तर बोलवा."

निघताना वहिनींनी चार्जरला लावलेला माझा फोनही सोबत घेतला होता. त्याला कुलूप नाही, कारण तो बघणारं कोणी नाही. वहिनींना त्यात 'वसंत मानखुर्द' हे नाव दिसलं. त्यांना वाटलं, त्याची बायको किंवा मुलगी उचलेल. फोन लागल्यावर त्या अदबीने म्हणाल्या, "तुमच्या दुःखाच्या वेळी त्रास देतेय, पण वसंतरावांची बहीण खूप आजारी आहे."

"मीच वसंत बोलतोय," पलीकडून आवाज आला.

वहिनींनी घाबरून फोन बंदच केला. मंदाने तो त्यांच्या हातातून घेतला आणि परत लावला. "तुम्ही जिवंत आहात ना?" तिने विचारलं. "मग लवकर या."

हलू नका

माझ्या स्वतःच्या आठवणीतला तुकडा एवढाच आहे: पाठीखाली गार काहीतरी, कपाळावरून ओढलेला पट्टा, डोक्याभोवती एक मोठं पांढरं कडं. कोणीतरी सारखं म्हणत होतं, "मावशी, हलू नका, फोटो हलतो." मला तर उठायचं होतं. अर्धी हजेरी राहिली होती आणि मुलं उभी होती.

दोनदा फोटो हलला. झोपेचं इंजेक्शन द्यायचं तर शुद्ध किती आहे ते नंतर कळणार नाही, म्हणून डॉक्टरीणबाई ते टाळत होत्या. तेवढ्यात वसंत पोचला. तो माहुलला एका तेलाच्या कारखान्यात फिटर आहे. कामावरच्या जाड बुटांतच तो आला होता. मशीनचे किरण लागू नयेत म्हणून त्याला शिशाचा जड अंगरखा चढवला आणि आत पाठवलं. त्याने माझे पाय धरले. तिसऱ्या वेळी मी अजिबात हलले नाही आणि फोटो स्वच्छ आला.

"तू काय म्हणालास मला तेव्हा?" असं मी त्याला नंतर विचारलं. "काही नाही. हलू नको म्हटलं," एवढंच तो बोलला.

मशीनला जे दिसलं ते नंतर मीही पाहिलं. डाव्या बाजूला, कवटीच्या आत कलिंगडाच्या फोडीच्या आकाराचा डाग होता आणि त्याच्या दाबाने सगळा मेंदू एका बाजूला सरकला होता. त्या फळीच्या कोपऱ्याची दखल घेणारं सगळ्यात पहिलं कोणी असेल तर ते मशीन. त्याच दिवशी डोक्याला दोन भोकं पाडून ते रक्त काढलं. फॉर्मवर वसंतने सही केली. रुग्णाशी नातं, या रकान्यात त्याने 'भाऊ' लिहिलं आहे. अक्षर अजून तसंच आहे, तिरकं आणि घाईचं.

एकोणीस नंबर

शुद्धीवर आले तेव्हा डोक्याचा अर्धा भाग भादरलेला होता आणि एक नळी बाहेर आली होती. सिस्टर रोज सकाळी तेच विचारायच्या. नाव काय, कुठे आहात, महिना कोणता? पहिल्या दिवशी महिना चुकला. त्या हसून "होतं असं" म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. मी मात्र दिवसभर हादरलेली होते.

दुखण्याची भीती नव्हती. भीती होती ती डोकं पूर्ण परत आलंय की थोडं मागे राहिलंय याची. आणि राहिलं असलं तर ते कळणार कोणाला? घरात माणसं असलेल्यांना कोणीतरी सांगतं, तू पूर्वी अशी नव्हतीस. मी स्वतःच स्वतःची परीक्षा घ्यायला लागले. नोकरीच्या शेवटच्या वर्षाची सातवी ब. एक आंब्रे, दोन बने. अठरा पवारपर्यंत व्यवस्थित यायचे आणि एकोणिसावा नंबर काही केल्या सापडायचा नाही. वीसपासून पुढे पुन्हा नीट. त्या एका पोराला मी चार दिवस शोधत होते.

भेटायची वेळ चार ते सहा. चार वाजले की वॉर्ड भरायचा. डबे उघडायचे, उशा झटकल्या जायच्या. मी डोळे मिटून पडायचे, झोपलेल्या माणसाला कोणी "तुमचं कोण येतं?" असं विचारत नाही म्हणून. मंदा एकदा आली. तिनेच मला सुतकाची सगळी कथा सांगितली, हातवारे करून, हसत हसत. "खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, ताई. तुमच्या भावाला चांगलं झालं," ती म्हणाली. मला हसू आलं नाही. कारण बाकीच्यांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं.

सहा वर्षांपूर्वी आई गेली. ती वसंतकडे होती. शेवटी तिला गावाची ओढ लागली, म्हणून तो तिला कणकवलीजवळच्या आमच्या घरी घेऊन गेला. मला कळवलं नाही. म्हणजे त्याचं म्हणणं, कळवणारच होतो, पण दोन दिवसांत सगळं आटोपलं. मी पोचले तेव्हा चितेची राख पण थंड झाली होती. घराच्या अंगणात, सगळ्या भावकीसमोर, मी त्याला म्हणाले, "आजपासून तू मला मेलास." आणि त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही. घाटकोपर ते मानखुर्द रिक्षाने अर्धा तास लागतो.

रागाच्या भरात असं बोलणारी मी काही पहिली नाही. पण माझ्या डोक्यात रक्त साठलं, बाकी सगळं पुसलं गेलं, आणि उरलं ते नेमकं हे वाक्य. आजारी मेंदूने ते खरं धरून दहा दिवस पाळलं. मी मनात खरंच त्याला मारलं होतं का? हा प्रश्न डॉक्टरांना विचारता येत नाही. मी वसंतलाच विचारलं.

तो त्या दिवशी मोसंबी सोलत होता. इस्पितळात तो तीन वेळा आला. तिन्ही वेळा कामावरून थेट, आणि सहाचा गजर झाला की लगेच उठायचा.

"वसंत, मी तसं म्हटलं होतं तुला. गावाला."

"आठवतंय."

"म्हणून असेल का रे हे?"

"बाय," तो म्हणाला. घरात मला सगळे बायच म्हणत. सहा वर्षांत ही हाक कोणी मारली नव्हती. "बाय, मेंदू दाबला गेला होता तुझा. त्यात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. खा." आणि त्याने मोसंबीची फोड पुढे केली. मी खाल्ली.  सहा वाजले आणि तो गेला.

एकोणीस नंबर त्यानंतर सापडला. पेडणेकर. सिस्टर ड्रेसिंग करत होत्या आणि मी मोठ्याने "पेडणेकर!" म्हणाले. त्या दचकल्या. मला इतका आनंद झाला की रडू फुटलं. तो सांगायला कोणी नव्हतं, म्हणून सिस्टरांनाच सांगितलं. त्यांनी काम थांबवून ऐकलं. त्या दोन मिनिटांचे उपकार मी विसरणार नाही.

दुसरा स्कॅन

घरी आल्यावर वहिनींनी आठ दिवस केलं, मग सगळं पूर्ववत झालं. मी टोपी घालून हिंडायला लागले. मंदा, वसंत आणि मी, आमच्या तिघांत एक नवीन रीत मात्र ठरली, आणि एकट्या राहणाऱ्यांनी ती उचलावी म्हणून सांगते. मंदा खालच्या गल्लीतली फुलं देऊन साडेआठच्या सुमाराला पुन्हा आमच्या मजल्यावर डोकावून जाते. तेव्हा माझी पुडी कडीलाच दिसली तर ती वसंतला फोन करते. नंबर तिने त्या दिवशीच घेऊन ठेवला होता. तुमच्याकडे फुलवाली नसेल तर दूधवाला असेल, पेपर असेल. आणि डोक्याला काही लागलं तर, कितीही थोडं असो, कोणाला तरी सांगा. फार दुखत नसलं तरी सांगा. म्हातारपण, दमणूक, दुःख, या नावांखाली काहीही खपून जातं. माझं बारा दिवस खपलं.

दीड महिन्याने दुसरा सीटी होता. मी एकटीच गेले. खिडकीवर विचारलं, "सोबत कोण आहे?" मी "कोणी नाही" म्हटलं आणि आत गेले. मशीनवर तोच माणूस होता. माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि ओळखलं.

"मावशी तुम्ही! तेव्हा किती नाचवलंत आम्हाला," तो पट्टा बांधत म्हणाला. "भाऊ आले म्हणून निभावलं. कसे आहेत ते?"

"बरे आहेत. काय म्हणाले होते ते मला?"

"तुम्हाला नाही सांगितलं? तुम्ही त्यांच्याकडे बघून सारखं बोलत होतात, 'वसंत गेला, वसंत गेला', आणि उठत होतात. मी म्हटलं, आता हे चिडतील. तर त्यांनी तुमचे पाय धरले आणि म्हणाले, 'हो बाय, गेला. तू हलू नको.' मग तुम्ही एकदम गप्प झालात." तो काचेपलीकडे गेला. "हां, आता हलू नका."

मी हललेच नाही. पट्ट्याखालून पाणी कानात जात होतं, तरी नाही.

रिपोर्ट चांगला आला. मेंदू जागेवर आला होता, डाग नव्हता. घरी येऊन मी फोन हातात घेतला, 'वसंत मानखुर्द' काढलं आणि बराच वेळ तसंच बघत बसले. रिपोर्ट चांगला आला, एवढंच सांगायचं तर मेसेज पुरला असता. बाकीचं कुठून सुरू करायचं ते कळेना. शेवटी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाची चप्पल जिन्यात वाजली. कडीला पुडी अडकवल्याचा आवाज आला. मी आतल्या बाजूला, दाराशी स्टूल घेऊन बसले होते. उठून दार उघडायचं आणि पुडी आत घ्यायची, एवढंच काम होतं. मी केलं नाही. मुद्दाम केलं नाही. असं करणं वाईट होतं, मला तेव्हाही कळत होतं. भावाला फोन करायची हिंमत नाही म्हणून त्याला घाबरवणारी बाई, याहून कोतेपण काय असतं? तरी बसून राहिले.

साडेआठनंतर फोन वाजला.

"बाय?" त्याला धाप लागली होती. मागे कारखान्याचा आवाज होता. "बाय, बोल!"

"आहे रे. बरी आहे."

"मग पुडी का नाही काढलीस?" तो ओरडला. "इथून निघालो होतो मी, गेटवर आहे!"

खोटं सांगता आलं असतं. डोळा लागला होता, न्हाणीघरात होते, काहीही.

"वसंत, त्या मशीनपाशी तू मला 'हो, गेला' म्हणालास?"

 पलीकडे एक ट्रक मागे घेताना वाजत होता, तो बराच वेळ वाजला.

"तू हलत होतीस," वसंत म्हणाला.

"मी ते वाक्य परत घेतलं रे. गावचं."

"बरं," तो म्हणाला.  "आता पुडी काढ. फुलं सुकतात."

मी उठले, कडी काढली, पुडी आत घेतली. उजव्या हाताने घेतली, नीट धरता आली. आज तुळस भरपूर होती.

"काढली," मी म्हटलं.

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.